स्किन केअरमध्ये करिअर करायचं का? फी भरण्याआधी करून बघायच्या गोष्टी

‘मला स्किन केअरची खूप आवड आहे,’ असं सांगत कुणी सल्ला विचारायला आलं की मी आधी एवढंच विचारते, ‘कुणाच्या स्किनची?’ समोरची व्यक्ती जरा गोंधळते. मग बोलता बोलता लक्षात येतं की आवड आहे ती स्वतःच्या चेहऱ्याची, कपाटात ओळीने मांडलेल्या बाटल्यांची, नवं सीरम उघडताना होणाऱ्या आनंदाची. त्यात वाईट काही नाही, माझीही सुरुवात तिथूनच झाली. पण पोट भरतं ते दुसऱ्याच्या त्वचेवर. पाठभर पुटकुळ्या असलेल्या, घामेजलेल्या, आरशात बघणं टाळणाऱ्या आणि कधी कधी ते सांगताना रडू फुटणाऱ्या अनोळखी माणसाच्या त्वचेवर. ती आवड आहे की नाही हे घरी आरशासमोर बसून कळत नाही.

म्हणून हा लेख कोर्सची चौकशी करण्याआधी वाचायचा आहे. खाली दिलेल्या गोष्टी केल्यात तर दोन-तीन महिन्यांत, फारसा खर्च न करता, स्वतःबद्दल बऱ्यापैकी खरं उत्तर मिळतं. क्रम थोडा पुढेमागे झाला तरी चालेल. दुसरी पायरी मात्र गाळू नका. लोक नेमकी तीच गाळतात.

पहिली पायरी: कुठल्या कामाबद्दल बोलतोय ते ठरवा

‘स्किन केअर’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या स्वभावाची कामं येतात.

त्वचारोगतज्ज्ञ हा डॉक्टर. आधी वैद्यकीय पदवी, मग त्वचारोगाचं विशेष शिक्षण. बहुतेक देशांत या सगळ्याला आठ ते बारा वर्षं जातात. त्याच्याकडे इसब, सोरायसिस, कोड, नायटा, केसांचे आणि नखांचे आजार, त्वचेचा कर्करोग असं सगळं येतं. सौंदर्योपचार हा त्यातला एक भाग. आजार ओळखणं, औषध लिहून देणं, बायोप्सी करणं हे अधिकार त्याचेच.

स्किन थेरपिस्ट, एस्थेटिशियन, ब्यूटिशियन ही नावं देशागणिक आणि दुकानागणिक बदलतात, काम साधारण तेच. मुळात निरोगी असलेल्या त्वचेची निगा: स्वच्छता, ब्लॅकहेड काढणं, मसाज, फेशियल, वॅक्सिंग, सौम्य पील (त्वचेचा वरचा मृत थर सोलून काढणारं द्रावण) आणि घरी काय लावायचं याचा सल्ला. शिक्षण काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. काही जण पुढे डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली लेझर वगैरे उपकरणांवर काम करतात. तिथे काय करायची परवानगी आहे हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो.

तिसरं काम प्रयोगशाळेतलं. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचं जबरदस्तीने लावलेलं लग्न, ते मोडू नये म्हणून झटणारा माणूस म्हणजे कॉस्मेटिक केमिस्ट. त्याच्या टेबलावर ४० अंश सेल्सिअसला महिनोन् महिने ठेवलेल्या बाटल्या असतात. क्रीम फाटतं का, रंग बदलतं का, वास उतरतो का, हे तो पाहतो. प्रिझर्व्हेटिव्ह टिकतं का हे तपासायला मुद्दाम जंतू सोडून २८ दिवस वाट पाहतो. यासाठी रसायनशास्त्राची किंवा फार्मसीची पदवी लागते आणि गिऱ्हाइकाशी गप्पा माराव्या लागत नाहीत. ज्यांना त्याच नकोशा वाटतात त्यांच्यासाठी हे वरदान आहे.

याखेरीज विक्री, कंपनीतर्फे प्रशिक्षण देणं, लेबलं आणि दावे कायद्यात बसतात का हे तपासणं, लेखन अशी कामं आहेत. ती बहुधा आधी दुसरं काही केल्यावर मिळतात.

इथून पुढचा लेख प्रामुख्याने थेरपिस्टच्या वाटेबद्दल आहे, कारण सर्वांत जास्त लोक तिथेच वळतात आणि सर्वांत कमी विचार करून वळतात.

दुसरी पायरी: पाच माणसं, पाच चेहरे

ओळखीतली पाच माणसं निवडा. वय, रंग, त्वचेचा पोत यांत जितका फरक असेल तितकं चांगलं. एखादा दाढी असलेला पुरुष हवा, एखाद्या आजी हव्यात. त्यांच्या चेहऱ्यावर काही लागलेलं, सोललेलं, सुजलेलं किंवा चिघळलेलं नाही याची खात्री करा. कधी कुठल्या वस्तूची ॲलर्जी आली होती का, तेही विचारा. त्यांच्या नेहमीच्या वापरातलं फेसवॉश आणि मॉइश्चरायझरच घ्या, तुमच्या कपाटातलं नको. हात धुवा, नखं कापलेली असू द्या, अंगठ्या काढा. मग त्यांना आडवं झोपवून चेहरा आणि मान हळुवार स्वच्छ करा, पुसा, दहा मिनिटं हलका मसाज द्या, मॉइश्चरायझर लावा. बस्स. स्क्रब नाही, वाफ नाही, पील नाही, पुटकुळी फोडणं तर अजिबात नाही. शिक्षण नसताना तेवढंच करायचा आपल्याला हक्क आहे.

परीक्षा त्यांच्या चेहऱ्याची नाही, तुमची आहे. प्रत्येकानंतर वहीत चार ओळी लिहा. त्यांच्या श्वासाचा, घामाचा वास आला तेव्हा काय वाटलं? बोटांना काय काय लागलं: नाकाच्या कडेचा खरखरीतपणा, हनुवटीखालच्या गाठी, कपाळावरचा तेलकटपणा? डोळ्यांनी दिसलं नव्हतं ते बोटांना कळलं का? मसाज चालू असताना मन कुठे होतं? ते गप्प पडून राहिले तेव्हा ती शांतता तुम्हाला अवघड वाटली का?

पाचही जण एकाच दिवशी करा असा माझा आग्रह आहे. पहिला चेहरा सगळ्यांनाच आवडतो. पाचव्या चेहऱ्याच्या वेळी अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, कंबर भरून येते आणि मान वाकवून वाकवून डोकं जड होतं. भरलेल्या दिवशी थेरपिस्टला हेच करावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. या कामातल्या अनेकांची कारकीर्द कंटाळ्याने नाही, अंगठ्याने आणि मनगटाने संपते. पुढे शिकताना पलंगाची उंची आणि बसायची पद्धत याकडे जे लक्ष देतात ते जास्त टिकतात.

पाचव्या चेहऱ्यानंतर थकवा येणारच. पण थकूनही ‘आजींच्या गालाची त्वचा किती वेगळी लागली’ असं कुणाला तरी सांगावंसं वाटलं, तर ते चांगलं लक्षण. हात धुताना ‘सुटले एकदाची’ वाटलं तर तेही लिहून ठेवा.

तुमचे स्वतःचे हात

हा मुद्दा कोर्सच्या माहितीपत्रकात कधीच नसतो. या कामात हात दिवसभर ओले राहतात. पाणी, साबण, हातमोजे, पुन्हा पाणी. त्यात सुगंधी द्रव्यं आणि प्रिझर्व्हेटिव्ह. याने हातांवर इसब उठणं हा सौंदर्य व्यवसायातला जुना, नेहमीचा आजार आहे. लहानपणी इसब झालेलं असेल, कृत्रिम दागिन्यांच्या निकेलची ॲलर्जी असेल, थंडीत बोटांना चिरा पडत असतील, तर तुम्हाला धोका जास्त. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह एके काळी क्रीमपासून ओल्या वाइप्सपर्यंत सगळीकडे होतं. त्याने इतक्या लोकांना त्रास झाला की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे स्पर्शाने होणाऱ्या त्वचेच्या दाहाच्या, तज्ज्ञसंघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवलं. गिऱ्हाईक ते महिन्यातून एकदा सोसतं, आपण रोज.

शंका असेल तर कोर्सआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या साधारण दोन दिवस ठेवतात आणि पुढचे काही दिवस प्रतिक्रिया वाचतात. एका अभ्यासू, हुशार मुलीला वर्षभरात हे काम सोडताना मी पाहिलं आहे. तिला ही तपासणी कुणी आधी सुचवली नव्हती, मीही नाही.

तिसरी पायरी: एक दिवस कोपऱ्यात बसा

ओळखीने किंवा विनंती करून एखाद्या पार्लरमध्ये, स्पामध्ये किंवा क्लिनिकमध्ये दिवसभर बघायला मिळतं का पाहा. गिऱ्हाइकांची परवानगी लागेल आणि काही नाही म्हणतील, ते साहजिकच आहे. नुसतं स्वागतकक्षात बसलात तरी पुष्कळ कळेल.

उपचार काय करतात याकडे कमी लक्ष द्या. दोन गिऱ्हाइकांच्या मधली पंधरा मिनिटं बघा. चादर बदलली का? वाट्या, ब्रश धुतले का, की नुसते पुसले? डब्यातलं क्रीम स्पॅच्युलाने काढलं की बोटाने? वॅक्सच्या भांड्यात वापरलेली पट्टी परत बुडवली का? ब्लॅकहेड काढायचं अवजार कुठून आलं आणि कुठे गेलं?

कारण या कामाचा निम्मा भाग धुणं-पुसणं आहे आणि त्याला कारण आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या पृष्ठभागावर, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. अवजार डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणून तो मेलेला नसतो. जिथे रक्त येण्याची शक्यता आहे तिथे अवजार एकदा वापरून फेकायचं किंवा धुऊन मग ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचं, दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांना पंधरा मिनिटं हा त्याचा रूढ हिशेब. अनेक ठिकाणी अवजारं ठेवायची, निळा अतिनील दिवा लावलेली पेटी दिसते. ती दिसते छान, पण तिने अवजार निर्जंतुक होत नाही. फार तर आधीच निर्जंतुक केलेलं ठेवायला ती ठीक. ज्या दुकानात त्या पेटीचं कौतुक सांगतात तिथे शिकायला राहू नका.

संध्याकाळी स्वतःला विचारा: कुणी बघत नसताना मी हे सगळं दिवसातून सहा वेळा, न कंटाळता करेन का? मला तर याचंच एक विचित्र समाधान मिळतं. नीट घडी केलेले टॉवेल बघितले की माझा दिवस सरळ जातो. सगळ्यांना तसं होत नाही.

चौथी पायरी: शास्त्राची गोडी लागते का ते बघा

महिनाभर रोज अर्धा तास द्या. घरातल्या पाच बाटल्यांची मागची बाजू वाचा. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कंपनी कुठल्याही क्रमाने लिहू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणजे समोर ठळक अक्षरांत मिरवणारा एखादा अर्क आत नावापुरता असू शकतो. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह सहसा एक टक्क्यापर्यंतच वापरतात, तेव्हा यादीत त्याच्या आसपास किंवा त्याच्या खाली जे येतं ते बहुधा चिमूटभर. असं कोडं सुटल्यावर मजा वाटली का? पुढच्या बाटलीकडे हात गेला का?

मग त्वचेकडे या. बाह्यत्वचेची नवी पेशी तळाला जन्मते, वर सरकते, चपटी होते, मरते आणि झडते. तरुण माणसात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, वयानुसार जास्त. एवढी एक गोष्ट समजली की ‘तीन दिवसांत उजळ’ हा दावा आपोआप हास्यास्पद वाटू लागतो आणि मुरुमांवरच्या औषधाचा परिणाम आठ ते बारा आठवड्यांआधी का मागायचा नाही हेही कळतं. सनस्क्रीनचे आकडेही असेच: एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं, एसपीएफ ५० साधारण ९८ टक्के. फरक आहे एका टक्क्याचा. खरा घोटाळा प्रमाणात होतो. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेले असतात आणि माणसं त्याच्या निम्मंही लावत नाहीत.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दाचा इतिहास शोधा. कुठला घटक रोमरंध्रं बुजवतो याचे जुने तक्ते सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांतून आले. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील. तरी ते तक्ते आजही मोबाइलवर फिरतात आणि लोक त्यावरून चांगल्या वस्तू फेकून देतात.

त्वचेचे सहा प्रकार पाडणाऱ्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीचंही तसंच. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ती मांडली ती सोरायसिसच्या प्रकाशोपचारात किती डोस द्यायचा हे ठरवण्यासाठी. सुरुवातीला तिच्यात गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. आज बरेच अभ्यासक्रम ती रंगाची पट्टी म्हणून शिकवतात, खरं तर ती ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते याबद्दल आहे. गडद त्वचेवर छोटीशी जखम, जास्त झालेलं पील, चुकीचं लेझर यांचा डाग महिनोन् महिने राहतो आणि दाह झालेला असताना लाली लालऐवजी जांभळट, तपकिरी दिसते. पुस्तकातले फोटो पाठ करून आलेल्याला ती दिसतच नाही. कोर्स निवडाल तेव्हा वेगवेगळ्या रंगाच्या त्वचेवर प्रत्यक्ष काम करायला मिळेल का, हे जरूर विचारा.

महिनाअखेर वही चाळा. प्रश्न वाढत गेले असतील तर उत्तम. सगळं ‘किती ते रसायनशास्त्र’ वाटलं असेल तर पुढे अडचण येईल. फेशियल शिकता येईल, पण दर नव्या वस्तूबद्दल कंपनीच्या माणसाने सांगितलेलंच खरं मानावं लागेल.

पाचवी पायरी: तुम्हाला ‘नाही’ म्हणता येतं का?

माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत अवघड कौशल्य हेच. हाताचं काम सरावाने येतं.

माझी एक चूक सांगते. नवी होते तेव्हा. एक काकू फेशियलला आल्या. मी फॉर्म भरून घेतला, ‘काही औषधं चालू आहेत का?’ विचारलं, त्या ‘नाही’ म्हणाल्या. मी नेहमीचं सौम्य पील लावलं. दोन मिनिटांत चेहरा चुरचुरायला लागला. धुतलं, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, तरी गाल सोलवटले. मग कळलं की त्या रोज रात्री ट्रेटिनॉइन, म्हणजे मुरुमांवरचं, त्वचा नाजूक करणारं औषध, लावत होत्या. मी म्हटलं, ‘काकू, मी औषधाचं विचारलं होतं ना?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, औषध कसलं, ते तर क्रीम आहे!’ चूक त्यांची नव्हती. त्या दिवसापासून मी ‘औषध’ हा शब्दच वापरत नाही. ‘रात्री झोपताना तोंडाला काय लावता? सकाळी काय लावता? गेल्या सहा महिन्यांत कुठल्या गोळ्या घेतल्या?’ असं विचारते. गोळ्यांचं विचारते ते विशेषतः आयसोट्रेटिनॉइनसाठी. मुरुमांवरची ही गोळी चालू असताना आणि ती थांबवल्यावर निदान सहा महिने वॅक्सिंग करू नये, असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, कारण वॅक्सबरोबर कातडीच निघू शकते.

आता विचार करा. समोर माणूस बसला आहे, दोन दिवसांनी घरात कार्य आहे, पैसे द्यायला तयार आहे, आणि तुम्हाला सांगायचं आहे की ‘आज हे करता येणार नाही.’ जमेल? ज्यांना सगळ्यांना खूश ठेवायची सवय आहे त्यांना इथे त्रास होतो.

नाही म्हणायचे आणि डॉक्टरकडे पाठवायचे प्रसंग ठरलेले आहेत. गोल, कडेने वाढणारा, खाजणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा. त्यावर मसाज केला की तो पसरतो, तुमच्या हातालाही लागतो. ओठांवर नागिणीसारखे पुरळ असेल तर फेशियल पुढे ढकला. कुणीतरी सुचवलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम महिनोन् महिने लावून चेहरा लाल, पातळ, केसाळ झाला असेल तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी. ते एकदम थांबवलं तरी भडका उडतो, तेव्हा तोही सल्ला तुम्ही द्यायचा नाही. अशा क्रीममध्ये पारा सापडतो हेही जुनं दुखणं आहे. २०१३ च्या मिनामाता करारात पारा असलेली त्वचा उजळवणारी क्रीम बंद करण्याचं कलम आहे, तरी ती बाजारातून गेलेली नाहीत.

आणि तीळ. तुम्ही माणसाची पाठ, मान, पोटऱ्या, तळपाय अशा जागा बघता ज्या तो स्वतः बघत नाही. तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकात दोन-तीन रंग आहेत, सहा मिलिमीटरहून मोठा आहे, किंवा गेल्या काही महिन्यांत बदलला आहे, असं काही दिसलं तर डॉक्टरला दाखवायला सांगायचं. गडद त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा (त्वचेचा एक घातक कर्करोग) तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त आढळतो. गायक बॉब मार्ली याचा आजार पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झाला होता. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. सांगताना ‘कॅन्सर’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, कारण निदान करणं आपलं काम नाही. ‘हा तीळ मला नेहमीसारखा वाटत नाही, एकदा दाखवून घ्या,’ एवढं पुरे. हे वाक्य आजच घरात कुणाला तरी मोठ्याने म्हणून बघा. आवाज कापतो का?

सहावी पायरी: पैशांचं गणित, वेळेच्या भाषेत

फेशियल साठ मिनिटांचं. आधी बोलणं, नंतर आवरणं धरून पाऊण तास तरी वर. दिवसाला पाच-सहा गिऱ्हाइकं ही शरीराची मर्यादा, आणि इतकी रोज येत नाहीत. सुरुवातीचं वर्षभर रिकाम्या वेळा असतात, वेळ ठरवून न येणारे असतात. तुमचा जो काही दर असेल त्याला सहाने गुणून महिन्याचा आकडा काढू नका. दोनाने-तीनाने गुणा आणि त्यातून सामान, टॉवेल धुण्याचा खर्च, जागेचं भाडं वजा करा.

नोकरी करायची असेल तर पगार कशावर आहे ते विचारा: ठरावीक रक्कम, कमिशन, की दोन्ही? आणि वस्तू विकायचं टार्गेट आहे का? पुष्कळ ठिकाणी असतं. गरज नसलेलं सीरम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं तुम्हाला जमणार नसेल तर ते आधीच कळलेलं बरं. मला जमलं नाही, आणि त्यामुळे पहिली नोकरी गेली. विकणं मुळात वाईट नाही. ज्याला सनस्क्रीनची खरंच गरज आहे त्याला ते न सुचवणं हाही आळसच. पण महिनाअखेरी आकडा गाठायचा असला की गरज आणि आकडा यांतली रेघ पुसट होते.

मोठे खर्च पहिल्या वर्षी नको. यंत्रं विकणारे फार गोड बोलतात. स्वच्छ पलंग, चांगला प्रकाश, भिंगाचा दिवा आणि हात, एवढ्यावर उत्तम काम होतं.

सातवी पायरी: कोर्स निवडणं

इथपर्यंत आलात आणि अजून करावंसं वाटतंय, तर आता चौकशी करा. पहिला प्रश्न संस्थेला विचारायचा नाही, सरकारला: तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथे परवाना लागतो का? काही देशांत लागत नाही, काहींत त्याशिवाय व्यवसाय म्हणून चेहऱ्याला हात लावणं बेकायदा आहे. एकाच देशातही फरक असतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया या कामाच्या परवान्यासाठी ६०० तासांचं प्रशिक्षण मागतं, अलाबामा १००० तासांचं. दुसरीकडे जायचा विचार असेल तर तिथले नियम वाचूनच फी भरा. सिडेस्को ही सौंदर्योपचार क्षेत्रातली १९४६ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था, तिचा डिप्लोमा अनेक देशांत ओळखला जातो. पण ओळखला जाणं म्हणजे परवाना मिळणं नव्हे, ही गल्लत पुष्कळांची होते.

मग संस्थेत जा, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विचारा की एकूण तासांपैकी जिवंत माणसांवर किती तास. मैत्रिणी-मैत्रिणींनी एकमेकींवर केलेला सराव वेगळा आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांवर केलेला वेगळा. शिकवणारी व्यक्ती अजून स्वतः काम करते का? स्वच्छतेचा विषय एका तासात उरकतात की रोज तपासतात? सगळं शिक्षण एकाच कंपनीच्या वस्तूंवर तर नाही? तसं असेल तर तुम्ही फी देऊन त्या कंपनीच्या विक्रेत्या होऊन बाहेर पडाल. दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायचं आहे म्हणा आणि त्यांची नावं तुम्ही निवडा, संस्थेने दिलेली नकोत.

आठवड्याभरात पील, मायक्रोनीडलिंग, लेझर सगळं शिकवतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. सुई त्वचेत शिरली की तो खेळ राहत नाही.

ठरवताना

वय आड येतं का, असं विचारणारे पुष्कळ. चाळिशीत सुरुवात करणाऱ्यांचं चांगलं चाललेलं मी पाहिलं आहे. गिऱ्हाइकाला त्यांच्याशी बोलायला सोपं जातं. अंगठे मात्र तपासून घ्या. पुरुषांनी करावं का? का नाही? फक्त कुठल्या सेवा द्यायच्या आणि गिऱ्हाइकाला अवघड वाटणार नाही याची काळजी कशी घ्यायची हे आधी ठरवा. माझा चेहरा नितळ नाही, चालेल का? हा प्रश्न मुली खाली मान घालून विचारतात. चालेल. माझ्या गालावर आजही मुरुमांचे खड्डे आहेत, आणि मुरुमांची गिऱ्हाइकं माझ्याकडेच जास्त टिकतात.

दुसऱ्या पायरीतली वही आता परत उघडा. हात लावणं आवडलं पण शास्त्र कंटाळवाणं वाटलं, तर मसाज थेरपीकडे बघा. शास्त्र आवडलं आणि हात लावणं नको वाटलं, तर प्रयोगशाळा किंवा लेबल तपासण्याचं काम. दोन्ही आवडलं पण ‘नाही’ म्हणताना आवाज कापला, तर एखाद्या खमक्या थेरपिस्टच्या हाताखाली वर्षभर मदतनीस म्हणून राहा आणि ती गिऱ्हाइकाला परत कशी पाठवते ते ऐका. आणि दोन्हींतलं काहीच आवडलं नसेल तर कपाटातल्या बाटल्या तुमच्याच आहेत, रोज रात्री मनसोक्त लावा.

हो म्हणायचं ठरलं असेल तर फी भरायच्या आदल्या रविवारी त्या पाच जणांना पुन्हा बोलवा. जितके आनंदाने येतील तितके मोजा.